बाईंच्या हॉलला दोन टन

शिवशरणबाईंबरोबर दुकानात जाण्याची पाळी वैऱ्यावरही येऊ नये. माझ्यावर ती आयुष्यभर येत राहिली. एकतर नोकरीतली बहुतेक वर्षं मी त्यांच्याच शाळेत क्लार्क होतो आणि बाई तिथे मुख्याध्यापिका. त्यात जुळे सोलापुरात आमचा प्लॉट त्यांच्या प्लॉटला लागून. त्यांच्याकडे वाहन नाही, माझ्याकडे स्कूटर. मग कुकर असो, शेगडी असो नाहीतर गच्चीवरची पाण्याची टाकी, फाटकापाशी हाक ठरलेली. "माने, मोकळे हाय का?" मी मोकळा आहे की नाही याच्याशी त्या प्रश्नाचा काही संबंध नसायचा. मी स्कूटर बाहेर काढायचो.

दुकानात शिरल्यावर बाई आधी दुकानदाराची तोंडी परीक्षा घ्यायच्या. शाळेत आणि दुकानात त्या 'आहे-नाही' बोलायच्या. घरात आणि रागात 'हाय-न्हाय'. कुकर घेताना त्यांनी विचारलं, "झाकणाला हे रबर का असतं?"

"कंपनीच देते, मॅडम."

"कंपनी देते ते दिसतंय. का देते?"

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. बाई म्हणाल्या, "त्यांच्याकडे बघू नका. तुम्ही सांगा. घाई नाही, विचार करा." आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. मी छताकडे बघत होतो. शेवटी त्या माणसाने वाफेबद्दल काहीतरी बरोबर सांगितलं, तेव्हा बाईंनी "शाब्बास" म्हणून कुकर घेतला. त्या दुकानात मी पुन्हा पाऊल ठेवलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची रीत आहे, आणि चांगलं बोलण्यासारखं बाईंच्या बाबतीत पुष्कळ आहे. पण त्या एसीच्या प्रकरणाचा जो संताप माझ्या मनात साठलाय तो आधी बाहेर पडू दे. कोणावर संतापायचं हेही मला अजून नीट कळलेलं नाही.

बाई ठेंगण्या होत्या, अंगाने भरलेल्या. सुती साडी, तिला कडक इस्त्री, मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ, पर्समध्ये सुताराकडे असतो तसला गुंडाळायचा टेप. नजरेने मापं काढणाऱ्यांचा त्यांना राग. पाहुणे म्हणून कुठे गेल्या आणि यजमान म्हणाला की आमची ही खोली बारा बाय चौदा, तर बाई चहा येईपर्यंत टेप काढून खोली मोजायच्या आणि ती साडेतेरा भरते हे सांगून चहा प्यायच्या. त्यांना वाईट हेतू माहीतच नव्हता, त्यामुळे आपण कोणाला खजील केलं हेही त्यांना कळत नसे.

शाळेतली एक गोष्ट सांगतो. एका वर्षी कोणा दानशूर माणसाने मुख्याध्यापकांच्या खोलीसाठी कूलर दिला. आमची शाळा म्हणजे अर्धी स्लॅबची, अर्धी पत्र्याची. पहिलीचा वर्ग पत्र्याखाली. बाईंनी शिपायाला सांगून कूलर थेट तिकडे नेला. डेडस्टॉकच्या रजिस्टरमध्ये कूलरची खोली बदलण्याची कटकट अर्थात माझ्या गळ्यात. पुढे तपासणीला साहेब आले, बाईंच्या खोलीत बसून रुमालाने मान पुसत म्हणाले, "बाई, तुम्हाला कूलर मिळाला होता ना?"

"मिळाला की. वर्गात आहे. तुम्ही तिथं बसता का?"

साहेबांना वाटलं बाई चेष्टा करतायत. बाईंनी कधी चेष्टा केल्याचं मला आठवत नाही. साहेबांनी पहिलीच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन, पोरांच्या मधोमध बसून सगळी तपासणी उरकली. एक पोरगी मधून मधून आपल्या बाटलीतलं पाणी त्या कूलरमध्ये ओतत होती. शेरा चांगला मिळाला.

बाईंचे यजमान रेल्वेत होते. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांनी हौसेने एसी आणायचं ठरवलं. आमच्या गल्लीतला तो पहिला एसी. त्यांची इच्छा साधी होती, की जन्मभर पाळ्या केल्या, आता दुपारी बेडरूममध्ये गार झोपावं. बाई म्हणाल्या, एसी हॉलला. यजमान गरीब बिचारे, म्हणाले, "अगं, हॉल केवढा. वर उघडा स्लॅब, पश्चिमेची भिंत. दोन टनाचा लागेल."

"लागू दे. बेडरूममध्ये दोघं मावतात. हॉलमध्ये गल्ली मावती."

आणि खरोखरच गल्ली मावली. मे महिना लागला की मोडनिंबहून बाईंच्या बहिणीची रेखा आणि तिची भावंडं यायची, दुधनीहून वन्सं यायच्या, म्हणजे यजमानांच्या बहीण. त्या निम्म्या कानडीत बोलायच्या आणि पूर्ण आवाजात घोरायच्या. त्यात आमच्या गल्लीतले. आमची मुलगी दहावीला होती ते वर्षभर ती त्या हॉलमध्येच अभ्यासाला. बाईंचे नियम होते. आपापली चादर आपण आणायची. चपला बाहेर, जोडीने. दिवा बंद झाल्यावर बोलायचं नाही. कोणी कुठे झोपायचं हे परीक्षेच्या बैठकव्यवस्थेसारखं ठरलेलं: पोरं भिंतीकडे, म्हाताऱ्या बाथरूमच्या दाराशी, घोरणारे स्वयंपाकघराकडे. मशीनच्या अगदी झोताखाली कोणी झोपायला तयार नसे. तिथे बाई झोपायच्या, कानाला स्कार्फ बांधून.

दिवसा त्याच हॉलमध्ये बायका पापड लाटायच्या. आमची सुनंदा, म्हणजे माझी पत्नी, त्यात पुढे. बाहेर अंगाची लाही होत असताना गार हवेत पोळपाट मांडून बसण्याचं सुख तिने आयुष्यात दुसरं अनुभवलं नाही असं ती म्हणते. पुढे एकदा एसी गार करेना म्हणून माणूस बोलावला. त्याने समोरची जाळी काढली तर आत पिठाचा थर. उडदाचं पीठ, पाणी लागून घट्ट झालेलं. तो माणूस बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, हितं काय गिरणी हाय का?" बाईंनी त्याला पापडांचं पुडकं बांधून दिलं. त्या दिवसापासून नियमांत एक भर पडली, लाटणाऱ्यांनी मशीनकडे पाठ करून बसायचं.

मग जे सगळीकडे होतं ते झालं. यजमान गेले. पोरं मोठी झाली. गल्लीत एकेकाने एसी घेतले, आपापल्या बेडरूमला. आमच्याकडेही आला, खोटं कशाला बोलू. आता उन्हाळ्याच्या संध्याकाळी गल्लीतून चाललं की प्रत्येक भिंतीवरून एक नळी ठिबकत असते आणि प्रत्येक दार बंद असतं. बाईंचा मुलगा मिलिंद पुण्याला, चांगल्या नोकरीत. त्याची बायको स्नेहल, दोन मुलं, प्राची आणि तिचा लहान भाऊ. कधीमधी येत. बाईंच्या हॉलमध्ये चटया गुंडाळून कोपऱ्यात उभ्या असत आणि त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून बाई त्यांना रोज फडकं मारत.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये तो जुना एसी बसला. कॉम्प्रेसर गेला, आता यात काही करण्यासारखं नाही असं मेकॅनिक सांगून गेला. तीन-चार दिवसांनी दुपारी बाई गच्चीवर वाळवण काढायला गेल्या आणि तिथेच चक्कर येऊन पडल्या. सुनंदाने भांड्याचा आवाज ऐकला म्हणून बरं. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की यांचं बीपी असं आहे, वय असं आहे, सोलापूरचा मे यांना झेपणार नाही. दुपारी गार खोलीत राहिल्या पाहिजेत. चैन म्हणून सांगत नाही, औषध म्हणून सांगतो.

म्हणजे प्रश्न सरळ होता. एसी घ्यायचा आणि तो लगेच घ्यायचा. कोणत्याही शहाण्या माणसाने संध्याकाळपर्यंत काम उरकलं असतं. पण गिऱ्हाईक शिवशरणबाई होत्या.

नवीपेठेतल्या पहिल्या दुकानात टाय लावलेला माणूस म्हणाला, "रूम साइज बोला, मॅडम." बाईंनी लांबी, रुंदी, उंची सांगितली. त्याने मनातल्या मनात काहीतरी भागाकार केला आणि दीड टन म्हणाला.

"पश्चिमेची भिंत धरलीत का?"

"हो हो, सगळं धरलंय."

"मी सांगितलीच नाही, तर कशी धरली?"

दुसऱ्या दुकानात म्हणाले, सोलापूरचं ऊन आहे, डोळे झाकून दोन टन घ्या. बाई म्हणाल्या, डोळे झाकून मी काहीच घेत नाही. तिसऱ्याने विचारलं, जुना केवढा होता? दोन टन? मग दोनच घ्या. बाई म्हणाल्या, "जुना घेतला तेव्हा गच्चीला पांढरा रंग नव्हता, खिडक्यांना जाड पडदे नव्हते. खोली बदलली तर मशीन तेवढंच कसं राहील?" तो म्हणाला, पॉइंट आहे मॅडम, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. चौथ्या दुकानात एका पोरसवदा विक्रेत्याने विचारलं, "मॅडम, अजून किती वर्षं वापरायचा विचार आहे?" यावर मी त्याला काही बोलणार होतो, पण बाई म्हणाल्या, "प्रश्न चांगला आहे. उत्तर माझ्याकडे नाही."

मला सगळ्यात चीड याची येत होती, की बाई प्रत्येक ठिकाणी बरोबर होत्या. खोली बघितल्याशिवाय मशीन सांगणं म्हणजे नाडी न बघता गोळी देणं, हे त्यांचं म्हणणं मला पटत होतं. पण खोली बघायला यायला कोणी तयार नव्हतं. सीझन आहे, माणूस नाही, फोटो पाठवा. बाहेर पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस. बाई रात्रंदिवस पंख्याखाली, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन. मी आमच्या बेडरूममध्ये येऊन झोपा म्हणालो, तर "तुमची अडचण कशाला" म्हणाल्या. ज्या बाईने सगळी गल्ली आपल्या हॉलमध्ये झोपवली, तिला आमची अडचण दिसत होती.

तिकडून मिलिंदचे फोन. तेही मला. "काका, तिला सांगा ना, बेडरूमला एक टनाचा लावून टाक म्हणावं. लहान खोली, झटकन गार होते. हॉलचं खूळ काढा तिच्या डोक्यातून." मी म्हणायचो, तू सांग. तो म्हणायचा, माझं ऐकत नाही. बाई म्हणायच्या, "त्याला सांगा, हॉल म्हणजे हॉल." मी क्लार्क होतो, इकडची फाइल तिकडे करण्यात जन्म गेला, पण निवृत्तीनंतरही तेच काम करावं लागेल असं वाटलं नव्हतं.

शेवटी ओळखीतून इरण्णा सापडला. मूळचा दुधनीचा, होटगी रोडला एसीचं छोटं दुकान. दुधनी म्हटल्यावर बाईंचा चेहरा मोकळा झाला. तो घरी आला, तोही घाईत, मागे दहा ठिकाणची कामं लागलेली. तरी हॉल नीट बघितला, गच्चीवर जाऊन आला, पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघितला. बाई त्याच्या मागे मागे. त्या विचारत होत्या आणि तो उत्तरं देत होता, आणि मला वाटलं, सुटलो एकदाचे.

"अक्का," तो म्हणाला, "गच्ची तुमी पांढरी केलाय, पडदं हायत. खोलीपुरतं बघितलं तर दीड टन बास हाय. आता एवढंच सांगा, हितं झोपतंय किती जण?"

"नऊ," बाई म्हणाल्या.

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"नऊ म्हंजे मग लागतंय की वाढवून," इरण्णा म्हणाला. "माणूस म्हंजे बी एक शेगडीच हाय. नऊ शेगड्या पेटल्यावर दीड टन पुरायचं न्हाय. दोन टन घ्या. पर खरंच नऊ असंल तर. एकदोन माणसाला दोन टन लावलं तर ते पटकन गार करतंय आन बंद पडतंय, परत चालू, परत बंद. मशीनला बी तरास, आन पावसाळ्यात अंग नुसतं चिकचिकतंय."

मला राहवलं नाही. मी मिलिंदला फोन लावला आणि फोन टीपॉयवर ठेवून स्पीकर चालू केला. म्हटलं, होऊन जाऊ दे समोरासमोर. इरण्णा स्टुलावर बसून चहा पीत होता, त्याच्यासमोर.

"आई, नऊ कोण?" मिलिंद म्हणाला.

बाई बोटं मोजत म्हणाल्या, "तुमी चौघं. रेखा आन तिची दोन पोरं. दुधनीच्या वन्सं. आन मी."

"रेखा गेल्या चार-पाच वर्षांत एकदा तरी आली का?"

"एसी बंद असल्यावर कशी येणार?"

"आई, एसी आत्ता बंद पडलाय. या महिन्यात."

इरण्णाने बशी खाली ठेवली. बाई म्हणाल्या, "बरं. रेखाचं ऱ्हाऊ दे. वन्संचं बी गुडघं दुखतात, त्या न्हाय यायच्या. तुमचं सांग. मे मध्ये येणार का?"

"बघतो ना. प्राचीचे क्लास आहेत, लहानग्याचं शिबिर आहे..."

"बघतो न्हाय. आकडा सांग. मशीन आकड्यावर ठरतंय. चार का शून्य?"

"आई, असं आत्ता कसं सांगू?"

"इरण्णा थांबलाय. त्याला दुसरी कामं हायत. चार का शून्य?"

फोनमध्ये मागे कोणाचं तरी बोलणं ऐकू येत होतं, स्नेहल असावी किंवा ऑफिसातलं कोणी. मग मिलिंद म्हणाला, "बरं, चार धर."

चार धर. मला हे दोन शब्द अजून आठवतात आणि अजून तळपायाची आग मस्तकात जाते. मला कळलं होतं, इरण्णालाही कळलं असावं, की हा फोन बंद करायला दिलेला आकडा आहे. मिलिंद वाईट मुलगा नाही. आईला वाईट वाटू नये म्हणूनच तो तसं म्हणाला. शून्य म्हणाला असता तर बाईंनी त्याला झाडला असता, चार दिवस बोलल्या नसत्या, आणि मग रडतखडत का होईना एक टनाचं मशीन बेडरूमला लागलं असतं. बाईंना आयुष्यभर कोणी अंदाजाने आकडा दिला तर त्यांनी टेप काढला. हा एकच आकडा त्यांनी न मोजता घेतला.

"ऐकलं न्हवं?" त्या इरण्णाला म्हणाल्या. "चार. आन उरलेल्यातलं कोण ना कोण येतंच. दोन टन."

इरण्णाने माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार होतो? त्यांचं घर, त्यांचा हॉल, त्यांचा मुलगा.

एसी बसला. मोठा, पांढरा, जुन्यापेक्षा रुंद, त्यामुळे भिंतीवरची बुद्धांची तसबीर थोडी सरकवावी लागणार होती. बाईंनी ते होऊ दिलं नाही, मशीनच सरकवलं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं, की हॉल गार झाला आहे, या. लोक "येऊ की बाई, येऊ" म्हणाले. सुनंदा दोन दुपारी जाऊन बसली. पण आता पापड कोण घरी लाटतंय, आणि आमच्याकडे आमचा एसी. चटया धुऊन, वाळवून, हॉलमध्ये अंथरून ठेवल्या होत्या.

मे लागला. प्राचीचे क्लास होते. मग शिबिर होतं. मग मिलिंदला कामासाठी बंगळूरला जावं लागलं. तो मला फोन करून विचारायचा, "काका, आईचा एसी छान चालतोय ना?" मी म्हणायचो, चालतोय. माझी समजूत तशीच होती.

महिनाअखेरीला आम्ही मुलीकडे नाशिकला निघणार होतो. नळाला पाणी येण्याची पाळी आम्ही गेल्यावर येणार होती, म्हणून टाकी भरून घ्यायला किल्ली बाईंकडे ठेवायची होती. दुपारी साडेतीनच्या सुमारास गेलो. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. बाईंच्या हॉलच्या खिडक्या सताड उघड्या आणि आतून पंख्याची घरघर. मला वाटलं, बिघडला. नवा कोरा एसी महिन्याभरात बिघडला, आता इरण्णाच्या मागे लागणं आलं, बाईंची त्याला प्रश्नावली आली.

बाई हॉलमध्ये नव्हत्या. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली फरशीवर बसल्या होत्या, फरशी ओली करून. डोक्यावर ओला नॅपकिन. चेहरा लालबुंद.

"एसी बिघडला का?"

"न्हाय की. चांगला हाय."

"मग बंद का?"

"कोण हाय तितं?" त्या म्हणाल्या. "रिकाम्या हॉलमध्ये दोन टन लावून बसू व्हय? कोणी आलं की लावते."

मी काही बोलायच्या आत त्या उठल्या, म्हणजे ओट्याला धरून कशाबशा उठल्या, आणि हॉलमध्ये जाऊन एकेक खिडकी लावायला लागल्या. पडदे ओढले. मशीन चालू केलं. "बसा, तुमी आलाय न्हवं," म्हणाल्या आणि ताक आणायला आत गेल्या. मी अंथरलेल्या चटईवर बसलो. मोठं मशीन, बघता बघता हॉल गार झाला. बाई माझ्यासमोर पाय पसरून बसल्या, त्यांचा श्वास सावकाश झाला, चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला. महिनाभर ही बाई असं का बसली नाही, या विचाराने माझं डोकं भणभणत होतं.

थोड्या वेळाने मशीन आपोआप थांबलं. बाई वर बघून म्हणाल्या, "बघा. दोघांत त्याला कामच न्हाय."

"बाई, बेडरूमला एक लहान बसवून घेऊ. मी आजच इरण्णाला सांगतो. हा राहू दे हॉलमध्ये."

"आन मग पोरं आल्यावर बघतील, की म्हातारीनं स्वतःपुरतं करून घेतलं."

"कोणी बघणार नाही," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "बाई, कोणी येत नाही. यायचं नाही कोणी. डॉक्टरांनी तुमच्यासाठी सांगितलं होतं, गल्लीसाठी नाही. एकट्यासाठी लावा. लाज कसली त्यात?"

नोकरीत असताना मी त्यांच्याशी असा कधी बोललो नव्हतो. बाई रागावल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून, मान जराशी तिरकी करून माझ्याकडे बघत राहिल्या.

"का येणार न्हाईत?" त्यांनी विचारलं. "कारण सांगा, माने. घाई न्हाय. विचार करून सांगा."

मी विचार केला. क्लास, शिबिर, नोकरी, प्रत्येकाच्या घरात एसी, सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही सांगण्यासारखं नव्हतं. मी ताकाचा पेला संपवला. बाईंनी तो घेतला आणि उत्तर आलं नाही तर नापास करण्याची त्यांची जी पद्धत होती ती न वापरता म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मुलीकडं कधी निघताय?"

मग बराच वेळ आम्ही मुलीबद्दल बोललो, तिच्या दहावीबद्दल बोललो. मशीन मध्येच चालू व्हायचं, मध्येच थांबायचं. मला निघायचं होतं आणि निघवत नव्हतं. पण गाडी सकाळची होती, बॅगा भरायच्या होत्या. आम्ही नाशिकहून परत आलो तोवर मिलिंद बाईंना पुण्याला दवाखान्यात घेऊन गेला होता, आणि तिथून त्या घरी आल्या नाहीत. म्हणजे बाई मला शेवटच्या दिसल्या त्या याच दुपारी. निघताना मी किल्ली टीपॉयवर ठेवली, चपला घातल्या आणि बाहेर पडलो. "दार लावून घ्या, गार हवा जाईल," असंही मीच सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

मी फाटकापर्यंत पोचलो नसेन, तोच बाहेरच्या भिंतीवरच्या युनिटचा पंखा हळूहळू थांबला. मी वळून बघितलं. हॉलचे पडदे बाजूला झाले. बाई एकेक खिडकी पुन्हा उघडत होत्या, आधी गल्लीकडची, मग पश्चिमेची. झळ थेट आत जात होती. मी फाटकाची कडी हातात धरून तसाच उभा राहिलो. कडी तापून चटके देत होती. परत आत गेलो तर त्या परत लावणार, आणि मी निघालो की परत बंद करणार.

तिसरी खिडकी उघडताना त्यांना मी दिसलो.

"उभं काय ऱ्हायलाय उन्हात?" बाई गजांतून म्हणाल्या. "डोक्यावर काईतरी घ्या आन जा की घरी. ऊन लागंल."